सातातले चार: डबघाईला आलेला अमेरिकन कॉलेज टेनिस संघ खेळाडूभरतीतून कसा उभा करायचा

अमेरिकेतल्या डिव्हिजन १ (सर्वांत वरच्या गटातल्या) कॉलेज टेनिसचा सामना सात गुणांचा असतो आणि चार गुण झाले की निकाल लागतो. आधी तीन डबल्स होतात, प्रत्येकी फक्त एका सेटच्या. त्यांतल्या दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण. मग सहा सिंगल्स एकाच वेळी सुरू होतात, प्रत्येकीला एक गुण. पडलेला संघ उभा करायला घेतलेला कोच बहुधा इथेच चुकतो. त्याला आधी एक नंबरचा खेळाडू हवा असतो. पण एक नंबरवाला कितीही मोठा असला तरी सिंगल्सचा एकच गुण आणतो. डबल्सच्या गुणात त्याचा वाटा तीन कोर्टांतल्या एका कोर्टापुरता. सहा नंबरवर जिंकणाराही नेमका तेवढाच गुण आणतो आणि त्याला आणायचा खर्च बराच कमी येतो.

सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असे लागोपाठ दोन एनसीएए (अमेरिकन कॉलेज खेळांची मुख्य संघटना) सिंगल्स किताब जिंकले. संघाचा पहिला एनसीएए किताब आला २०१३ मध्ये, सोमदेव पदवी घेऊन गेल्यावर पाच वर्षांनी. असा खेळाडू संघाची पातळी वर खेचतो, पुढच्यांना वाट दाखवतो, हे मान्यच. पण चार गुण सहाही कोर्टांवरून गोळा करावे लागतात.

पुढचा हिशोब मधल्या फळीतल्या पुरुष संघाचा आहे. पुणे-मुंबई-कोल्हापुरातून मुलांसाठी कोचना ईमेल पाठवणाऱ्या पालकांनाही यातून पलीकडच्या टेबलावर काय चालतं ते कळेल.

नोकरीवर सही करण्याआधी

पहिला प्रश्न पैशाचा, आणि तो ॲथलेटिक डायरेक्टरला समोरासमोर विचारायचा. हाऊस विरुद्ध एनसीएए या, कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या खटल्यातली तडजोड कोर्टाने जून २०२५ मध्ये मंजूर केली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांना टेनिसमध्ये आता स्कॉलरशिपची संख्या मोजावी लागत नाही, फक्त संघात दहाच खेळाडू ठेवता येतात. ज्यांनी ती स्वीकारली नाही त्यांना जुनी मर्यादा आहे: पुरुषांना ४.५ स्कॉलरशिप, महिलांना ८. तुमचं कॉलेज कुठल्या बाजूला आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि ४.५ ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. रखडलेल्या संघांकडे बरेचदा प्रत्यक्षात दोन-अडीच स्कॉलरशिपचेच पैसे असतात. म्हणून आकडा डॉलरमध्ये आणि लेखी मागायचा. त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी हव्यात: खेळाडू बघायला फिरण्याचा खर्च, हिवाळ्यात इनडोअर कोर्टाचे आठवड्याचे तास, आणि रॅकेटच्या गटिंगचा खर्च कोण करणार. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आठवड्याला दोन-तीन वेळा तार तुटणाऱ्या पोराला स्वतःच्या खिशातून गटिंग करायला लावलं की तो पुढच्या वर्षी बदलीचा अर्ज टाकतो.

समजा एका खेळाडूचा वर्षाचा पूर्ण खर्च ४४,००० डॉलर आहे. ४.५ स्कॉलरशिप म्हणजे १,९८,००० डॉलर. नऊ जणांत ते असे वाटता येतात: ०.८, ०.७, ०.७, ०.६, ०.६, ०.५, ०.३, ०.३ आणि शेवटचा शून्यावर. बेरीज बरोबर ४.५. यात वरचा आणि पाचवा यांच्यात फार दरी नाही, हे मुद्दाम. एकाला पूर्ण १.० दिलं की ते कुठून तरी कापावं लागतं, आणि कापलं जातं नेहमी चार-पाच-सहा नंबरवरूनच. म्हणजे तीन गुणांच्या जागा कच्च्या करून एक पक्की केली जाते.

ही रक्कम ताणायचा कायदेशीर मार्ग म्हणजे अभ्यासाची स्कॉलरशिप. गुणवत्तेवर मिळणारी शैक्षणिक मदत डिव्हिजन १ मध्ये टेनिसच्या मर्यादेत धरली जात नाही. त्यामुळे उत्तम मार्कांचा मुलगा ०.२ वरही येऊ शकतो, कारण बाकीचं कॉलेजच देतं. ॲडमिशन ऑफिसात पहिल्याच आठवड्यात जाऊन कुठल्या मार्कांना किती डॉलर आपोआप मिळतात तो तक्ता घेऊन या.

पहिले दोन आठवडे: कोणालाही फोन करायचा नाही

आधी मागच्या सीझनच्या सगळ्या सामन्यांची स्कोअरशीट काढा आणि एका कागदावर सात रकाने आखा: डबल्स, मग सिंगल्स एक ते सहा. प्रत्येक सामन्यात कुठला गुण गेला त्यावर खूण करत जा. ३-४ ने गेलेले सामने वेगळ्या रंगात. तासाभरात आजार कुठे आहे ते दिसतं.

डबल्सच्या रकान्याकडे जास्त वेळ बघा. सिंगल्सचे सहाही सामने अगदी बरोबरीचे आहेत असं धरलं, तर डबल्सचा गुण खिशात असताना सहापैकी तीन पुरतात आणि ती शक्यता ६६ टक्के येते. डबल्स गमावली तर सहापैकी चार लागतात, शक्यता ३४ टक्के. पाऊण तासाच्या खेळाने पारडं जवळजवळ दुपटीने झुकतं. शिवाय एकाच सेटच्या, नो-ॲड (४०-४० ला एकाच पॉइंटवर गेम संपणाऱ्या) डबल्समध्ये कमकुवत संघाला मोठ्या संघाला धक्का द्यायची जेवढी संधी असते तेवढी सिंगल्समध्ये नसते. चांगली सर्व्हिस, सरळ परतीचा फटका आणि नेटवर न घाबरणारी दोन माणसं एवढं भांडवल पुरतं.

दुसरा कागद रोस्टरचा, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीचा. कोण कधी पदवी घेऊन जाणार, कोणाला किती स्कॉलरशिप कधीपर्यंत दिलेली आहे, कोणाचा जीपीए (मार्कांची सरासरी) किती. इथे नवा कोच हमखास एक खड्डा खणतो. जुने पाच-सहा खेळाडू काढून टाकून एका उन्हाळ्यात नवा संघ आणायचा, हे ऐकायला धडाडीचं वाटतं. पण एनसीएए प्रत्येक संघाचा एपीआर (अभ्यासातल्या प्रगतीचा हजारपैकी आकडा) मोजते. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूमागे दर सत्राला दोन गुण: एक अभ्यासात पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. आठ खेळाडू, दोन सत्रं, म्हणजे ३२ गुण. त्यांतले ३० मिळाले तर एपीआर ९३८, २९ मिळाले तर थेट ९०६. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की एनसीएए स्पर्धेचं दार बंद. फुटबॉलच्या मोठ्या संघाला तीन गुण गेलेले कळतही नाहीत, टेनिसला कळतात. बदली घेणाऱ्याचा जीपीए २.६ च्या वर असेल तर टिकल्याचा गुण सहसा वाचतो. त्यामुळे कोणाला निरोप द्यायचाच असेल तर आधी त्याचे मार्क सुधारू द्या, मग निरोप द्या. माणुसकीच्या दृष्टीनेही तेच बरं.

खेळाडू येतात कुठून

चार वाटा आहेत आणि पडलेल्या संघाला चारही लागतात, पण एकाच वर्षी नाही.

ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) ही सगळ्यात जलद वाट. एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. पहिल्या वर्षी इथून दोन, फार तर तीन जण घ्या. शोधायचे ते मोठ्या संघात सात-आठ नंबरवर बसून राहिलेले. त्यांना खेळायला मिळत नाही हेच त्यांचं दुखणं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच औषध आहे. टाळायचे ते तीन वर्षांत तीन कॉलेजं फिरलेले. प्रत्येकाच्या आधीच्या कोचला फोन कराच. तो काय सांगतो यापेक्षा किती वेळ गप्प राहतो ते ऐका.

ज्युनियर कॉलेज (दोन वर्षांची कॉलेजं) आणि डिव्हिजन २ ही दुर्लक्षित वाट. तिथल्या चांगल्या संघांचे वरचे खेळाडू तुमच्या तीन-चार नंबरवर सहज बसतात. मात्र त्यांचे किती क्रेडिट तुमच्या कॉलेजात ग्राह्य धरले जातील ते रजिस्ट्रारकडून आधी लेखी घ्या. ऑगस्टमध्ये कळलं तर तो सीझनभर बाकावर बसतो.

जवळपासची हायस्कूलची मुलं. यांतून पहिल्या दोन वर्षांत एक नंबरवाला मिळणार नाही, मिळाला तर तो मोठ्या कॉलेजात जाईल. पण आई-वडील सामने बघायला येतात, मुलगा चार वर्षं टिकतो आणि राज्यातल्या सरकारी कॉलेजात त्याची फी परगावच्यापेक्षा बरीच कमी असते, म्हणजे तीच स्कॉलरशिप जास्त पुरते.

आणि परदेशातली मुलं. संघाची पातळी मुळातून वर न्यायला याहून स्वस्त वाट नाही. वेक फॉरेस्टने २०११ मध्ये टोनी ब्रेस्की यांना आणलं, २०१८ मध्ये संघ एनसीएए विजेता झाला. त्याच वर्षी सिंगल्सची फायनल त्याच संघातल्या दोघांत झाली: सायप्रसचा पेत्रोस क्रिसोकोस आणि क्रोएशियाचा बोर्ना गोयो. सात वर्षं लागली, हेही त्याच गोष्टीत आहे. ॲथलेटिक डायरेक्टर दोन वर्षांत निकाल मागत असेल तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवायला हरकत नाही.

आकडा वाचायचा कसा

यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) १ ते १६.५ च्या पट्टीवर असतो आणि गेल्या बारा महिन्यांतले जास्तीत जास्त तीस सामने धरून निघतो. समोरचा किती तगडा होता आणि त्याच्याकडून किती गेम घेतले यावर तो चालतो, फक्त हार-जीत बघत नाही. मधल्या फळीतल्या पुरुष संघात ढोबळमानाने ११ ते १२.५ चे खेळाडू दिसतात, वरच्या संघांत १३ आणि पुढे.

पण नुसता आकडा बघून ईमेल पाठवू नका. सामने किती आहेत ते बघा. आठ सामन्यांवर १२.१ आणि अठ्ठावीस सामन्यांवर ११.७ असतील तर दुसरा घ्या. मग स्वतःपेक्षा वरच्या आकड्याच्या खेळाडूंशी तो किती वेळा खेळला ते बघा. काही मुलं आकडा जपण्यासाठी स्पर्धाच टाळतात. तिसऱ्या सेटला गेलेले सामने वेगळे काढा. वर्षभराचा आलेखही बघा: सतरा वर्षांचा, बारा महिन्यांत १०.६ वरून ११.५ वर गेलेला मुलगा वीस वर्षांच्या, दोन वर्षं १२ वर थांबलेल्यापेक्षा चांगला सौदा आहे. आणि कोर्ट कुठलं? स्पेनच्या क्लेवर कमावलेला १२ हा ओहायोच्या इनडोअर हार्ड कोर्टवर फेब्रुवारीत १२ राहत नाही. लांब बॅकस्विंगला तिथे वेळच मिळत नाही.

व्हिडिओ मागताना कापाकापी न केलेले दोन पूर्ण सेट मागा, त्यांतला एक हरलेला. कॅमेरा बेसलाईनच्या मागे, डोक्याच्या वर. निवडक फटक्यांचा गाणं लावलेला व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. बघायचं हे: ३०-४० वर दुसरी सर्व्हिस कशी पडते. कॉलेजात नो-ॲड असतं. ४०-४० ला एकच पॉइंट, आणि परतवणारा बाजू निवडतो. बॅकहँडवर कच्चा असलेल्या मुलाला दर वेळी तिथेच गाठतात. पुरुषांच्या डिव्हिजन १ मध्ये सर्व्हिस नेटला घासून आत पडली तरी लेट नसतो, खेळ चालू राहतो; म्हणून पाय थबकतात का तेही बघा. दोन पॉइंटच्या मधल्या वेळात तो काय करतो, बॉक्सकडे बघून हातवारे करतो का, हे व्हिडिओतलं सगळ्यात मोलाचं फुटेज, आणि नेमकं तेच पालक कापून पाठवतात.

भारतातला खेळाडू: कागद आधी, फोरहँड नंतर

पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून. बालेवाडी, डेक्कन जिमखाना किंवा नागपूरच्या आयटीएफ ज्युनियर स्पर्धांत अमेरिकन कोच क्वचितच दिसतात, त्यामुळे मधल्या फळीतल्या कोचला इथे स्पर्धा कमी आहे. घोटाळे होतात ते कागदांत.

पहिला घोटाळा बारावीनंतरच्या वर्षाचा. मुलगा मे महिन्यात बारावी होतो आणि घरचे म्हणतात, वर्षभर फ्युचर्स (व्यावसायिक टेनिसच्या खालच्या पायरीच्या स्पर्धा) खेळून बघू, मग अमेरिका. टेनिससाठी डिव्हिजन १ चा नियम असा राहिला आहे की शालेय शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांची सूट, त्यानंतर स्पर्धा खेळत राहिला तर वर्षामागे एक सीझन कमी आणि आल्यावर एक वर्ष बाहेर बसणं. पात्रतेचे नियम सध्या भराभर बदलतायत, म्हणून प्रत्येक मुलाची शिक्षणाची आणि स्पर्धांची तारीखवार यादी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियमपालन बघणाऱ्या कार्यालयाला) ऑफर देण्याआधी दाखवा. बक्षिसाच्या रकमेचंही तसंच: कॉलेजात येण्याआधी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत आणि त्यावर फक्त प्रत्यक्ष खर्चाइतकं, असा नियम होता; २०२४ मध्ये त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, म्हणून आत्ताची स्थिती कंप्लायन्स ऑफिसलाच विचारा. पालकांनी तिकीट, हॉटेल, प्रवेश फी यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

दुसरा घोटाळा विषयांचा. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर नववीपासूनचे सोळा मूळ विषय बघतं, त्यांत गणित धरून, आणि जीपीए किमान २.३ मागतं. दहावीनंतर गणित सोडलेला किंवा टेनिससाठी ओपन स्कूलला गेलेला मुलगा असेल तर नववी ते बारावीच्या मार्कलिस्ट पहिल्याच महिन्यात मागवून तपासून घ्या. सॅटची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेजची स्वतःची अट किंवा शैक्षणिक स्कॉलरशिपची अट वेगळी असू शकते.

तिसरा, व्हिसा. आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद) मे महिन्याच्या आत मुलाच्या हातात हवा. त्यावर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) फी ३५० डॉलर भरायची, मग मुंबईच्या कॉन्सुलेटची तारीख. २०२५ च्या उन्हाळ्यात मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच काही आठवडे थांबलं होतं. म्हणून परदेशी मुलासाठी जानेवारीचा प्रवेश मनात ठेवा. मुख्य सीझन जानेवारी ते मे असतो. मुलगा डिसेंबरअखेर आला तरी जवळजवळ सगळे सामने खेळतो. मात्र वरच्या सहा महिन्यांच्या गणितात तो बसतो का, ते आधी बघायचं.

पहिल्या ईमेलपासून सहीपर्यंत

कोच खेळाडूशी भरतीबाबत फोन-मेसेज करू शकतो ते अमेरिकन हिशोबाने दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून. त्याआधी मुलाने लिहिलं तरी कोचला खरं उत्तर देता येत नाही. उत्तर आलं नाही म्हणून नाराज होणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात घ्यावं. मुलाचा ईमेल वाचला जावा यासाठी विषयाच्या ओळीतच नाव, बारावीचं वर्ष, यूटीआर आणि देश. खाली व्हिडिओची लिंक आणि मार्क. आणि ईमेल मुलानेच लिहावा. बाबांनी लिहिलेला कोचला दुसऱ्या वाक्यात कळतो.

कोचने पाठवायचा ईमेल पाच ओळींचा: तुझा अमुक सामना पाहिला, त्यातली ही गोष्ट आवडली, आमच्याकडे पुढच्या ऑगस्टला दोन जागा होतायत, अमुक दिवशी अमुक वेळी बोलू या का. शंभर जणांना तोच मजकूर गेला की शंभरांना ते कळतं. तुमचा संघ हरतोय हे लपवू नका, साइटवर निकाल आहेतच. विकायचं ते हे: पहिल्या वर्षापासून कोर्टवर उतरायला मिळेल. पण अमुक नंबरवर खेळवीन असा शब्द कधीही देऊ नका. ऑक्टोबरमध्ये तो मोडावा लागतो आणि लॉकर रूममध्ये सगळ्यांना कळतो.

पैशाचं बोलणं टक्क्यांत करू नका. "साठ टक्के" म्हणजे फीच्या की राहण्या-जेवणासकट, यावर घराघरांत भांडणं होतात. दर वर्षी इतके डॉलर आम्ही देऊ, इतके डॉलर तुम्हाला भरावे लागतील, विमा आणि उन्हाळ्याचं तिकीट वेगळं, असं एका कागदावर पाठवा. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूला कॉलेजशी बांधून घेणारं पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता बांधतो तो आर्थिक मदतीचा करार. त्यात मदत एका वर्षाची आहे की चार वर्षांची, ते पालकांनी शोधून वाचावं.

मुलगा कॅम्पसवर आला तर त्याच्यासोबत तुम्ही कमी आणि तुमची पोरं जास्त असावीत. एक जेवण कोचशिवाय. दुसऱ्या दिवशी पोरांना विचारा, याच्याबरोबर सोळा तास व्हॅनमधून प्रवास कराल का? दोघांनी नाही म्हटलं तर सोडून द्या, यूटीआर काहीही असो.

किती, केव्हा

पहिल्या वर्षी पोर्टलमधून दोन आणि एखादा परदेशी जानेवारीत. सगळे पैसे खर्च न करता ०.४ च्या आसपास हाताशी ठेवा, कारण डिसेंबरात कोणीतरी जखमी होतं किंवा नापास होतं. दुसऱ्या वर्षी तीन नवे, त्यांतले दोन तरी चार वर्षं राहणारे. तिसऱ्या वर्षी दोन. एका वर्षाच्या भरतीत चारपेक्षा जास्त कधीच नको. पाच जण एकदम आणले की चार वर्षांनी पाच जण एकदम जातात आणि पुन्हा पहिल्या पायरीवर.

सामन्यांचं वेळापत्रकही भरतीचंच काम आहे. पहिल्या वर्षी जानेवारीत मोठ्या संघांकडून ०-७ चे चार मार खाल्ले की मार्चपर्यंत पोरं खांदे पाडून खेळतात आणि भरतीतल्या मुलाला साइटवर तेच दिसतं. सुरुवातीला घरच्या कोर्टवर आपल्या तोलाचे संघ, एकाच दिवशी दुपारी डिव्हिजन २ किंवा एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना) संघाशी दुसरा सामना, म्हणजे सात-आठ-नऊ नंबरवाल्यांनाही खेळायला मिळतं.

आणि तो शून्य स्कॉलरशिपवरचा नववा खेळाडू निवडताना घाई करू नका. सिंगल्समध्ये तो बहुधा कधीच उतरणार नाही. पण उंच असेल, डावखुरा असेल आणि व्हॉली मारता येत असेल, तर तीन नंबरच्या डबल्सवर तो वर्षाला चार-पाच सेट काढून देतो. स्थानिक क्लबांच्या डबल्स स्पर्धा बघायला रविवारी सकाळी जायचं ते याच्यासाठी.